काचेला स्पर्श कसा कळला?

फोनच्या काचेवर बोट फिरवून परगावच्या नातवंडांची छायाचित्रे पाहणाऱ्या बहुतेकांची अशी समजूत असते की, हा स्पर्शपडदा २००७ साली अमेरिकेत जन्मला. समजूत स्वाभाविक आहे. त्या वर्षी ९ जानेवारीला ॲपल कंपनीने आयफोन जगापुढे मांडला आणि त्यानंतर काही वर्षांतच कळांचे फोन हद्दपार होऊ लागले. प्रत्यक्षात त्या दिवशी स्पर्शपडद्याने वयाची एकेचाळीस वर्षे ओलांडली होती. आणखी नवलाची गोष्ट अशी की, आयफोनच्या काचेत जी पद्धत योजलेली होती ती या घराण्यातील सर्वांत थोरली. तिच्या मागून जन्मलेल्या धाकट्या भावंडांनी मधली तीस-पस्तीस वर्षे बाजार गाजवला, आणि थोरली मात्र काही थोड्या नियंत्रणकक्षांत व कारखान्यांत कोपरा धरून बसली होती. असे का व्हावे?

याचे उत्तर शोधायचे तर आधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो. काचेला बोट लागले हे यंत्राला कळते कसे? आपल्या त्वचेला स्पर्श कळतो, कारण तिच्याखाली मज्जातंतूंचे जाळे आहे. काचेला त्वचा नाही. मग संशोधकाला स्पर्शाच्या सोबतीने घडणारी दुसरी एखादी गोष्ट पकडावी लागते. बोट विजेला थोडीफार वाट देते, बोटाचा भार पडतो, बोटाने प्रकाश अडतो, बोटाच्या मऊपणात ध्वनी जिरतो. या चार गोष्टींपैकी कोणी कोणती निवडली आणि का, हाच स्पर्शपडद्याचा इतिहास होय.

इंग्लंडच्या वूस्टरशर परगण्यातील मॉल्व्हर्न हे टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेले शांत गाव. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, रडारवर काम करणारी सरकारी संशोधनसंस्था दक्षिण किनाऱ्यावरून या गावी हलवण्यात आली आणि युद्ध संपल्यावरही तेथेच राहिली. पुढे तिला ‘रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट’ असे नाव मिळाले. या संस्थेतील ई. ए. जॉन्सन यांनी ऑक्टोबर १९६५ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स लेटर्स’ या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. संगणकाशी बोलण्याचे एक नवे साधन, असा त्याचा विषय होता.

जॉन्सन यांच्यापुढची अडचण विमानवाहतुकीच्या नियंत्रणाची होती. आकाशात विमानांची गर्दी वाढत चालली होती आणि नियंत्रकाच्या मदतीला संगणक येऊ घातला होता. परंतु संगणकाला काही सांगायचे म्हणजे विमानाचे सांकेतिक नाव कळफलकावर अक्षर-अक्षर जोडून टंकित करणे आले. तेवढा वेळ नियंत्रकाची नजर पडद्यावरून हलणार, आणि एखादे अक्षर चुकले तर अनर्थ. जॉन्सन यांनी असा विचार केला की, विमानाचे नाव जर पडद्यावर आधीच लिहिलेले आहे, तर ते पुन्हा लिहावे कशाला? त्याच्याकडे बोट दाखवले की पुरे. मूल बोलू लागण्याच्या आधी बोटाने दाखवू लागते. ती आदिम खूणच त्यांनी संगणकाला शिकवली.

त्यांची योजना अशी. चित्रनलिकेच्या दर्शनी भागावर बारीक तांब्याच्या तारा बसवायच्या. प्रत्येक तार एका समतोल राखलेल्या विद्युत्‌मंडलाला जोडलेली. मनुष्याचे शरीर क्षारयुक्त पाण्याने भरलेले असल्यामुळे विजेला वाट देते आणि थोडा विद्युत्‌भार धरूनही ठेवते. विद्युत्‌भार धरून ठेवण्याच्या या क्षमतेला शास्त्रात ‘धारिता’ म्हणतात. तारेला बोट लागले की त्या मंडलाची धारिता किंचित वाढते, समतोल ढळतो, आणि कोणत्या तारेचा समतोल ढळला एवढे संगणकाने पाहायचे. दाबण्याची गरज नाही, हलणारा भाग नाही, झिजणारी कमान नाही.

या युक्तीहूनही मोलाची गोष्ट तिच्या पोटात होती. तारेशेजारी पडद्यावर जे लिहिलेले असेल तो त्या तारेचा अर्थ. पडद्यावरचा मजकूर बदलला की तीच तार दुसऱ्या कामाची. म्हणजे नियंत्रकाने विमान निवडले की तेथेच पुढचे पर्याय उमटावेत, त्यांपैकी एक निवडला की त्यापुढचे. नको असलेली कळ समोर येणारच नाही, तर ती चुकून दाबली जाण्याचा प्रश्नच नाही. लोखंडी कळफलकाला हे कधीच साधले नसते. १९६७ साली ‘एर्गोनॉमिक्स’ या नियतकालिकात जॉन्सन यांनी हा विचार विस्ताराने मांडला. माझ्या मते स्पर्शपडद्याचा खरा शोध हाच. स्पर्श ओळखण्याच्या पद्धती पुढे बदलत गेल्या. गरजेप्रमाणे रूप बदलणाऱ्या कळांची कल्पना मात्र तीच राहिली.

याच कल्पनेचा दुसरा, स्वतंत्र अवतार जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या युरोपीय संशोधनकेंद्रात झाला. १९७०च्या दशकाच्या आरंभी तेथे सुमारे सात किलोमीटर परिघाचा एक प्रचंड कणत्वरक जमिनीखाली उभा राहत होता. त्याच्या हजारो चुंबकांवर, पंपांवर आणि विद्युत्‌पुरवठ्यांवर लक्ष ठेवायचे होते. जुन्या रीतीने प्रत्येक उपकरणाला एक बटण आणि एक दर्शक द्यावा तर नियंत्रणकक्षाच्या भिंती बटणांनी मढवाव्या लागल्या असत्या. कक्षाची जबाबदारी असलेल्या फ्रँक बेक यांना हे मान्य नव्हते. एका माणसाला एका मेजावरून सारा कारभार पाहता आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यांनी बेंट स्टुम्पे या डॅनिश अभियंत्याला उपाय विचारला, आणि मार्च १९७२ मध्ये स्टुम्पे यांनी हाताने लिहिलेले टिपण सादर केले. त्यात तीन साधने सुचवलेली होती : पडद्यावरील खूण हलवण्यासाठी फिरता गोळा, संगणकाच्या हुकमतीत चालणारी एक मूठ आणि स्पर्शाने चालणारा पारदर्शक पडदा.

स्टुम्पे यांच्या पडद्यावर सोळाच जागा होत्या. काचेवर तांब्याचा अतिपातळ थर देऊन त्यातून केसाहूनही बारीक रेषा कोरून काढलेल्या. रेषा इतक्या सूक्ष्म की डोळ्यांना काच जवळजवळ स्वच्छच दिसे. अशा रेषांची प्रत्येक जाळी म्हणजे एक धारित्र. त्यावर वार्निशाचे पातळ आवरण. बोट जवळ आले की धारिता वाढायची आणि संगणकाला वर्दी जायची. १९७६ मध्ये तो कणत्वरक सुरू झाला तेव्हा त्याच्या नियंत्रणकक्षात हे पडदे कामाला लागले. पुढे १९८३ साली डब्ल्यू आणि झेड या मूलकणांचा शोध लागला तो याच यंत्रावर. त्या शोधाची कथा सर्वत्र सांगितली जाते. चालकांच्या बोटांखालच्या सोळा चौकोनांचा उल्लेख क्वचितच होतो.

इतके उत्तम साधन घराघरांत का गेले नाही? एक तर त्या काळी घरात संगणकच नव्हता. दुसरे कारण तांत्रिक होते. बोटाने होणारा धारितेतील बदल अत्यंत सूक्ष्म असतो. विद्युत्‌पुरवठ्याची गुणगुण, हवेतला ओलावा, शेजारचे यंत्र यांच्या गोंगाटात तो सहज हरवतो. सोळा जागांसाठी सोळा मंडले बसवणे सरकारी प्रयोगशाळेला परवडते. शेकडो जागांसाठी शेकडो नाजूक मंडले एका खिशात मावतील अशा चिप्स अजून व्हायच्या होत्या. थोरल्या भावंडाला वाट पाहावी लागली ती मुख्यतः यासाठी.

तिकडे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात निराळीच वाट चोखाळली जात होती. डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० पासून संगणकाद्वारे शिकवण्याचा ‘प्लेटो’ हा प्रकल्प चालवला होता. १९७२ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत नारिंगी उजेडाचा सपाट प्लाझ्मा पडदा होता आणि त्याच्या चौकटीत अवरक्त किरणांचे अदृश्य जाळे, उभ्या सोळा किरणांचे व आडव्या सोळा किरणांचे. बोट पुढे केले की एक उभा आणि एक आडवा किरण अडतो; दोन्हींच्या छेदावरून जागा कळते. लिहिता न येणारे लहान मूलही योग्य चित्राला बोट लावून उत्तर देऊ शकत असे. या पद्धतीत काचेवर कसलाही थर नसल्यामुळे चित्र स्वच्छ दिसते, हातमोजा चालतो, काठीही चालते. दोष असा की किरण काचेच्या किंचित वरून जातात. बोट टेकण्याच्या आधीच यंत्र ‘कळले’ म्हणते, आणि बाहीची कड किंवा बांगडी आडवी आली तरी तेच म्हणते. १९८३ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने याच तत्त्वावरचा मेजावरचा संगणक बाजारात आणला, तेव्हा चौकटीच्या भोकांत धूळ साचू लागली. शिवाय उभ्या पडद्यापुढे हात उचलून धरला की घटकाभरात खांदा भरून येतो, हे तेव्हा साऱ्यांच्या ध्यानात आले.

ज्या पद्धतीने तीस वर्षे राज्य केले तिचा जन्म मात्र कंटाळ्यातून झाला. सॅम्युएल हर्स्ट हे ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ. १९७० च्या सुमारास ते केंटकी विद्यापीठात अध्यापनासाठी गेले होते. त्यांच्या प्रयोगांतून आलेखांच्या लांबच लांब पट्ट्या निघत. त्यांवरील प्रत्येक बिंदूची उंची व स्थान डोळ्यांनी वाचून वहीत उतरवणे हे विद्यार्थ्यांचे काम, आणि ते संपता संपत नसे. हर्स्ट व त्यांच्या विद्यार्थ्यांनी विद्युत्‌वाहक कागदावर आलेख ठेवून त्याला सुईने टोचण्याची युक्ती काढली. कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत विजेचा दाब हळूहळू उतरत जातो, जसे कालव्याचे पाणी उतारावर उतरते. सुई जेथे टेकली तेथला दाब मोजला की कडेपासूनचे अंतर कळले. एकदा आडव्या दिशेने दाब लावायचा, एकदा उभ्या, बिंदू सापडला. या साधनाला त्यांनी ‘इलोग्राफ’ म्हटले आणि १९७१ मध्ये कंपनी काढली. काही वर्षांत अपारदर्शक कागदाची जागा पारदर्शक थरांनी घेतली आणि आलेख वाचण्याचे यंत्र चित्रनलिकेवर बसण्यास योग्य झाले.

ही रोधपद्धती. तिची रचना मोठी सुबोध आहे. खाली काच, वर लवचीक प्लास्टिकचा पापुद्रा. दोघांच्या आतल्या बाजूंवर विद्युत्‌वाहक, तरीही पारदर्शक असा लेप, आणि दोघे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये मोहरीहूनही किती तरी लहान ठिपक्यांची पेरणी. बोटाने दाबले की पापुद्रा वाकून काचेला टेकतो आणि टेकल्या जागी विजेचा दाब मोजला जातो. बोटच पाहिजे असे नाही. नख, पेन, काडी, हातमोजा, जे दाबेल ते चालेल. आरंभीच्या रचनेत वरच्या पापुद्र्यालाही मापनात भाग असल्यामुळे तो झिजला की यंत्र चुकीच्या जागा सांगू लागे. १९७७ मध्ये हर्स्ट यांच्या मंडळींनी मापनाचे सारे काम खालच्या काचेकडे दिले आणि पापुद्र्याला केवळ निरोप्याचे काम ठेवले. त्यामुळे पडद्याचे आयुष्य अनेक पटींनी वाढले.

ही पद्धत स्वस्त होती आणि तिच्या मापनाला साधे मंडल पुरत असे. म्हणून कारखाने, रुग्णालये, उपाहारगृहांचे गल्ले येथपासून १९९३ चा ॲपल न्यूटन, १९९६ चा पाम पायलट, २००४ चे निन्टेंडोचे दुहेरी पडद्याचे खेळणे येथपर्यंत तीच पसरली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांच्या पुढाकाराने घडलेला आणि २००४ मध्ये विक्रीस आलेला ‘सिम्प्यूटर’ हाही लेखणीनेच चालणारा. सामान्य ग्रामीण माणसासाठी योजलेले हे यंत्र अपेक्षेइतके खपले नाही, पण हातात मावणाऱ्या पडद्यावर भारतीय भाषा आणण्याचा तो प्रामाणिक उद्योग होता.

या पडद्यांवर लेखणी का लागे, हे पाहण्यासारखे आहे. चार इंची पडद्यावर संगणकाची बारीक चित्रे कोंबलेली; त्यांवर बोटाचे पेर टेकले की चार चित्रे झाकली जात. शिवाय पापुद्रा वाकवायला थोडा जोर हवा, आणि तो जोर टोकदार वस्तूने सहज मिळतो. आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळांत मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवी आणि हात बसल्यावर बोरू धरी. संगणकाने उलटा क्रम घेतला. आधी बोरू आला, आणि बोटाची पाळी मागाहून.

ध्वनीची कथा थोडक्यात सांगतो, पण ती मला स्वतःला फार आवडते. व्हिएन्नात १९१३ साली जन्मलेले रॉबर्ट ॲडलर अमेरिकेत झेनिथ कंपनीत होते. १९५६ साली बाजारात आलेला दूरचित्रवाणीचा बिनतारी नियंत्रक त्यांचा. त्याच्या आत ॲल्युमिनियमच्या दांड्यांवर इवलीशी हातोडी पडे आणि माणसाला ऐकू न येणारा सूर निघे. बॅटरीचीही गरज नसे. श्राव्यातीत ध्वनीशी असे सख्य असलेल्या या माणसाने पुढे तो काचेच्या पृष्ठभागावरून धावता केला. काचेच्या कोपऱ्यातून लहर सुटते, कडेला कोरलेल्या आरशांवरून वळते आणि संपूर्ण काच ओलांडून पलीकडे पोहोचते. वाटेत बोटाचा मऊ मांसल भाग असेल तर लहरीचा काही अंश तेथे जिरतो. कोणत्या क्षणी लहर क्षीण झाली यावरून जागा, आणि किती क्षीण झाली यावरून दाबाचा अंदाज. येथे लागते ती साधी, लेपविरहित काच. म्हणून चित्र उजळ दिसते. मात्र नख किंवा टणक पेन ध्वनी पिऊन टाकत नाही, त्यामुळे ते चालत नाही, आणि पाण्याचा थेंब पडला तर त्यालाच यंत्र बोट समजते. ॲडलर फेब्रुवारी २००७ मध्ये वारले. स्पर्शपडद्यासंबंधीचा त्यांचा अखेरचा एकस्वाचा अर्ज त्याच महिन्याच्या आरंभी प्रसिद्ध झाला होता.

आता थोरलीच्या पुनरागमनाकडे वळू. १९९४ मध्ये मांडीवरच्या संगणकांत माऊसच्या जागी बोटाने सरकवायची लहानशी चौकट आली. ती धारितेवर चालत असे. लाखोंनी खपणाऱ्या या चौकटींमुळे बोटाची सूक्ष्म विद्युत्‌खूण गोंगाटातून वेचून काढणाऱ्या चिप्स स्वस्त व सरावाच्या झाल्या. या उद्योगातील ‘सिनॅप्टिक्स’ या अग्रेसर कंपनीचे एक संस्थापक फेडेरिको फॅजिन. इंटेलचा पहिला सूक्ष्मप्रक्रियक घडवणाऱ्यांतले हेच गृहस्थ. चौकट अपारदर्शक होती म्हणून तिला कोणी स्पर्शपडदा म्हटले नाही, पण स्पर्शपडद्याची तालीम झाली ती तेथेच.

दुसरी अडचण एकाहून अधिक बोटांची. समजा, काचेवर आडव्या ओळी व उभे स्तंभ यांची जाळी आहे आणि यंत्र विचारते, “कोणत्या ओळीत बोट आहे? कोणत्या स्तंभात?” बोट एक असेल तर उत्तर चोख मिळते. दोन बोटे ठेवली, तर दोन ओळी व दोन स्तंभ हाती येतात आणि त्यांचे छेद मात्र चार होतात. त्यांतले खरे दोन कोणते आणि भुताचे दोन कोणते, हे कळायला मार्ग नाही. टोरांटो विद्यापीठात १९८२ साली निमिष मेहता यांनी आपल्या प्रबंधासाठी दुधी काचेमागे कॅमेरा ठेवून बोटांच्या सावल्या पाहिल्या आणि अनेक बोटे ओळखणारे पहिले यंत्र केले. धारितेच्या जाळीत यावर उपाय निघाला तो असा की, ओळी आणि स्तंभ यांना वेगवेगळे न विचारता प्रत्येक छेदाला स्वतंत्रपणे विचारायचे. एका ओळीत विजेचा ठोका द्यायचा आणि प्रत्येक स्तंभात तो कितीसा पोहोचला ते ऐकायचे. मग दुसरी ओळ, मग तिसरी. ज्या छेदावर बोट असेल तेथे विद्युत्‌क्षेत्राचा काही भाग बोटाकडे वळतो आणि स्तंभाला कमी मिळते. ही हजेरी सेकंदाला कित्येक वेळा घेतली जाते. शंभर-दीडशे छेदांची अशी वरचेवर हजेरी घेणे जॉन्सन किंवा स्टुम्पे यांच्या काळातल्या मंडलांना शक्यच नव्हते.

बोटे ओळखता आली तरी त्यांच्या हालचालींचा अर्थ लावायचा राहतो. डेलावेअर विद्यापीठातील वेन वेस्टरमन या विद्यार्थ्याचे मनगट टंकलेखनाने दुखावले होते. ज्याला जोर लावावा लागणार नाही असा कळफलक त्याला हवा होता. जॉन एलियास या प्राध्यापकांसह त्याने १९९८ मध्ये ‘फिंगरवर्क्स’ ही कंपनी स्थापली. चिमटीने लहान-मोठे करणे, दोन बोटांनी सरकवणे अशा खुणांचे कोश रचले. २००५ मध्ये ॲपलने ही कंपनी विकत घेतली. पुढचे सर्वविदित आहे. एक तपशील मात्र सांगण्याजोगा. बोटाला जोर लावावा लागत नसल्याने वरचा पापुद्रा गेला आणि टणक काच आली, चित्रे बोटाच्या पेराएवढी झाली, लेखणी गेली.

काचेवरील पारदर्शक लेपात इंडियम या धातूचे ऑक्साइड प्रमुख असते. जोडीला थोडे कथिलाचे. हा धातू १८६३ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग येथे सापडला. शोधक फर्डिनांड राइख यांना रंग ओळखता येत नसत, म्हणून वर्णपट पाहण्यासाठी त्यांनी थिओडोर रिख्टर यांना बसवले, आणि रिख्टर यांना नीळीच्या रंगाची लखलखीत रेषा दिसली. नीळीचे युरोपीय नाव मुळात ‘भारतातील’ या अर्थाचे. फोनच्या काचेत हिंदुस्थानचे नाव असे आडवाटेने येऊन बसले आहे.

या पद्धतींत श्रेष्ठ कोणती, असा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. कोणत्या हातासाठी, एवढे मात्र विचारावे. रोधपद्धतीला कोणाचाही हात चालतो, पण चित्र किंचित मंद दिसते. दोन थरांमुळे सुमारे पाचवा हिस्सा उजेड वाटेतच राहतो. धारितापद्धतीला जिवंत, उघडे बोट लागते. कपडे वाळत घालताना, कणीक मळताना, थंडीत हातमोजे असताना ती आपल्याला ओळखत नाही. वय वाढले की बोटांची त्वचा कोरडी व जाड होते, विजेला नीट वाट देत नाही. मग दोन-दोनदा बोट टेकवूनही काच ढिम्म राहते. आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांना याचा अनुभव आहे आणि ते त्याचा दोष उगाच स्वतःच्या अडाणीपणाला देतात. बोट किंचित ओलसर करून पाहावे. शस्त्रक्रियेच्या खोलीत, कारखान्यात, जेथे हातमोजे घालूनच काम करायचे तेथे, रोधपद्धतीने अजून आपली जागा सोडलेली नाही, ती यामुळेच.

मराठी माणसाला या काचेचे एक ऋण मान्य करावे लागेल. देवनागरी टंकलेखन यंत्राला कळा मोजक्या; त्यांत जोडाक्षरे बसवताना अक्षरांचे हाल झाले, हे ज्यांनी त्या काळी संस्थांची इतिवृत्ते टंकित केली त्यांना वेगळे सांगायला नको. परप्रांतात मराठी कळफलक मिळणेच मुळात दुर्मीळ. काचेवर कळाच नसल्यामुळे जेवढी अक्षरे हवीत तेवढ्या कळा उमटवता येतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडच्या तक्त्यात २००८ साली दाखल झाले. लोखंडी कळफलकावर त्याच्यासाठी जागा करायला साचे बदलावे लागले असते; फोनला एक नवी आज्ञावली पुरली. इंदूरच्या आजीने पुण्याच्या नातवाला देवनागरीत निरोप पाठवावा, आणि तिच्याच शेजारणीने त्याच काचेवर गुजराती किंवा उर्दू लिहावी, हे मॉल्व्हर्नच्या त्या बदलत्या कळांचेच फळ आहे.

परंतु बदलती कळ हाताला कळत नाही. लोखंडी कळेला उंची असते, कड असते, ती दबल्याचा प्रत्यय बोटाला येतो. काच सर्वत्र सारखीच गुळगुळीत. म्हणून ती वापरणाऱ्याला तिच्याकडे सतत पाहत राहावे लागते. दृष्टिहीनांपुढे तर भिंतच उभी राहिली. २००९ मध्ये बोटाखाली काय आहे ते वाचून दाखवणारी सोय आयफोनमध्ये आली आणि ती भिंत बरीच खाली आली. आपल्या मतदान यंत्राला मात्र आजही काचेचा पडदा नाही. निळी कळ, तिच्याजवळ ब्रेल आकडे आणि दबल्यावर येणारा दीर्घ नाद आहे. ही निवड मला शहाणपणाची वाटते.

डोळे दुसरीकडे असायला हवेत आणि हाताने काम व्हायला हवे, अशा ठिकाणी काचेची किंमत किती होऊ शकते ते २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरच्या सामुद्रधुनीत दिसले. अमेरिकन नौदलाच्या ‘जॉन एस. मॅकेन’ या विनाशिकेचे सुकाणू व वेगनियंत्रण स्पर्शपडद्यांवर होते. गर्दीच्या जलमार्गात शिरताना ही दोन कामे दोन माणसांत वाटण्याचा हुकूम झाला. पडद्यांवरून नियंत्रण इकडून तिकडे देताना सुकाणूही नकळत दुसऱ्या मेजाकडे गेले, आणि दोन मळसूत्रांचा वेग एकत्र बदलण्याची जोडणी सुटली. सुकाणूच गेले असा चालकाचा समज झाला. वेग कमी करण्याची आज्ञा दिली तेव्हा एकाच बाजूचे मळसूत्र मंदावले, जहाज डावीकडे वळले आणि ‘अल्निक एमसी’ या तेलवाहू जहाजाच्या वाटेत गेले. दहा खलाशी मृत्युमुखी पडले. चौकशीत अपुरे शिक्षण आणि देखरेखीतील ढिलाई यांवर मुख्य ठपका आला. पडद्याच्या रचनेने चूक होण्याची शक्यता वाढवली, असेही नमूद झाले. अपघातानंतर नौदलाने खलाशांची मते विचारली, तेव्हा त्यांनी सर्वांत आग्रहाने मागितली ती मुठीत धरता येणारी वेगनियंत्रणाची दांडी. २०१९ मध्ये नौदलाने या जातीच्या विनाशिकांवर पडद्यावरील वेगनियंत्रण काढून पुन्हा तशा दांड्या बसवण्याचे ठरवले.